हेमलकशाचा दवाखाना आणि आपल्या दारातली आशाताई



मागच्या महिन्यात राणीसावरगावच्या आमच्या गटाची बैठक चालू होती. तेवढ्यात आशाताई आल्या. एका लेकीच्या बाळाचा सातवा दिवस होता. त्यांनी हात धुतले, बाळाला झोळीत घालून वजन केलं, ताप पाहिला, बेंबी पाहिली आणि घड्याळ हातात धरून बराच वेळ बाळाच्या पोटाकडे बघत बसल्या. त्या गेल्यावर आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "ही आपल्यासारखीच बाई. हिला हे कुणी शिकवलं?" कुणी म्हणालं, सरकारनं. म्हातारी म्हणाली, "आन् सरकारला कुणी शिकवलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या जंगलात जाऊन पोचलो. आज तीच हकिकत सांगायची आहे. आपल्याकडे बालाघाटचे उघडे डोंगर, काळी माती, कापूस आणि ज्वारी. जंगल आपण पाहिलंय ते चित्रात. पण आपल्या बाळंतिणीच्या खाटेपाशी आज जे ज्ञान येऊन पोचलंय, त्यातलं बरंचसं त्या जंगलातून चालत आलंय.

आधी हेमलकशाला जाऊ. गडचिरोली जिल्ह्यात भामरागड नावाचा तालुका आहे. तिथं इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात नद्या चढल्या की रस्ते बंद. हा मुलूख माडिया गोंड लोकांचा. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हासुद्धा नव्हता, सगळा चंद्रपूरच होता. बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश नागपूरला शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घेत होते, ते सोडून आले. त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी भूलतज्ज्ञ. त्याही आल्या. आनंदवनातले काही कार्यकर्ते सोबत होते. राहायला झोपडी, वीज नाही, आणि आजूबाजूला साप-विंचू-अस्वलं.

दवाखाना उघडला आणि रोगीच येईना. आजारी माणसं नव्हती असं नाही. हिवताप होता, खरूज होती, भाजलेली माणसं होती, अस्वलानं फाडलेली होती. पण ही गोरीगोमटी, कपडे घातलेली, वेगळी भाषा बोलणारी माणसं कोण, हे माडियांना कुठं ठाऊक? जंगलात येणारा बाहेरचा माणूस तोवर काहीतरी घ्यायलाच आलेला. व्यापारी आला तर मिठाच्या बदल्यात चारोळी नेणार, साहेब आला तर कोंबडी नेणार. औषध द्यायला कुणी येतं हे त्यांना पटावं तरी कसं? आजारी पडलं की पुजाऱ्याकडे जायचं, ही त्यांची रीत.

मग या मंडळींनी दोन गोष्टी केल्या. त्या शिकवायला कुठलं कॉलेज लागत नाही. एक म्हणजे माडिया भाषा शिकले. दुसरी म्हणजे पाड्यापाड्यांवर पायी फिरले. समोरच्या लोकांच्या अंगावर पुरेसं वस्त्र नाही हे पाहून प्रकाशभाऊंनी सदरा-पँट सोडली आणि बनियन-अर्ध्या चड्डीवर आले, ते आजतागायत. हळूहळू ज्यांची आशा पुजाऱ्यानंही सोडली होती अशी माणसं येऊ लागली. त्यातली काही बरी होऊन चालत परत गेली. मग त्यांच्यामागून गावं आली.

क्ष-किरण यंत्र नाही, रक्ताची बाटली नाही, वरिष्ठ डॉक्टर नाही. कधी न केलेली शस्त्रक्रिया पुस्तक वाचून करायची वेळ यायची. कंदिलाच्या उजेडात टाके घालायचे. इथं आम्हाला एक बोलायचंच आहे. हेमलकसा म्हटलं की लोक प्रकाशभाऊंचं नाव घेतात. पण शस्त्रक्रिया करणारा हात चालतो तो भूल देणारीच्या भरवशावर. रोग्याचा श्वास सांभाळणारी मंदाताई होती, आणि आजूबाजूचा सगळा संसारही तिनंच सांभाळला. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला, हे बरं झालं.

१९७६ मध्ये तिथं आश्रमशाळा निघाली. त्या शाळेत शिकलेली माडिया मुलं पुढे डॉक्टर झाली. ही गोष्ट आम्हाला शस्त्रक्रियांपेक्षा मोठी वाटते, आणि का वाटते ते पुढे कळेल.

आता मेळघाट. अमरावती जिल्ह्याच्या डोंगरात कोरकू लोकांची गावं, त्यातलं एक बैरागड. १९८० च्या दशकात तिथं डॉ. रवींद्र कोल्हे जाऊन राहिले. जाण्याआधी त्यांनी सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंना विचारलं होतं, मला काय काय यायला हवं? सल्ला मिळाला तो तीन कामांचा. सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करता आलं पाहिजे, क्ष-किरण नसताना न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे, आणि हगवण बरी करता आली पाहिजे. कोल्हे मुंबईला जाऊन ते शिकले. तरी गावात आल्यावर स्फोटात हात गमावलेला माणूस समोर आला, तेव्हा आपलं शिक्षण अपुरं आहे हे त्यांना कळलं. ते परत गेले, एम.डी. झाले आणि पुन्हा बैरागडला आले. फी पहिल्या वेळी २ रुपये, पुन्हा आलं तर १ रुपया. सेवेला जायचं म्हणजे मन मोठं असलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. कोल्ह्यांना मात्र मन असूनही परत वर्गात बसावं लागलं.

त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता नागपुरातली आपली चालती प्रॅक्टिस सोडून आल्या. त्यांचं पहिलं बाळंतपण नवऱ्यानंच घरी केलं. बाळ फार आजारी पडलं. गावकरीच म्हणू लागले, याला अकोल्याला न्या. स्मिताताईंनी ठरवलं, गावातल्या पोरांना जे औषधपाणी मिळतं तेच माझ्या पोराला. बाळ वाचलं. ही हकिकत त्यांनी मुलाखतींतून सांगितलेली आहे. आमच्या गटात यावरून चांगलाच वाद झाला. निम्म्या जणी म्हणाल्या, केवढी ही बाई! निम्म्या म्हणाल्या, आम्ही असतो तर अकोल्याला पळत नेलं असतं, आणि तेच बरोबर. वाद मिटला नाही. पण त्यानंतर गावानं तिला आपली मानलं, एवढं खरं.

आता आपल्या आशाताईंच्या मूळ गावाकडे वळू. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे जोडपं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन थेट गडचिरोलीला आलं. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. 'सर्च' ही त्यांची संस्था. त्यांनी एक वेगळं केलं. उपचार तर केलेच, पण सोबत मोजणीही केली.

राणीताईंनी बायांशी बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की बाळंतपण आणि कुटुंबनियोजन सोडलं तर खेड्यातल्या बाईच्या आजाराकडे सरकारचं लक्षच नाही. जणू बाई म्हणजे फक्त गर्भाशय, आणि तेही भरलेलं असेल तेव्हाच. मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी गावाला विश्वासात घेऊन बायांची तपासणी केली. १३ वर्षांच्या पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत ६५० जणी. त्यातल्या ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. एकेकीला सरासरी तीनाहून जास्त. आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत हे 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं. बाईचं दुखणं मोजलं गेलं ते असं, गडचिरोलीच्या दोन खेड्यांत.

मैत्रिणींनो, ९२ हा आकडा आम्ही गटात वाचून दाखवला तेव्हा कुणी चकित झालं नाही. सगळ्या गप्प बसल्या. मग एक म्हणाली, "अंगावरून पांढरं जातं हे मी सासूला सुद्धा सांगितलं नाही." दुसरी म्हणाली, "सांगून काय, पिशवी काढा म्हणतात." आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारनं ऊसतोड बायांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. आपल्या गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातूनही कोयते जातात. त्यामुळे हा आकडा आम्हाला परका नाही. जिथं तपासणीच होत नाही, तिथं दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर पिशवी काढायची, एवढंच उरतं. मधला रस्ता, म्हणजे वेळेत तपासून औषध घेण्याचा, तो वसा-अमिर्झाच्या बायांना दाखवला गेला. आपल्यातल्या कितीजणींना दाखवला गेला?

पुढे १९९३ मध्ये बंगांचं शोधग्राम उभं राहिलं. तिथल्या दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, कारण ती गोंडांची देवी. मोठ्या दवाखान्याला आदिवासी का भितात, हे आधी त्यांनाच विचारलं होतं. उत्तरं मिळाली ती अशी, की तिथं रोग्याला एकटं ठेवतात, आप्तांना बाहेर काढतात, आणि पांढरे कपडे पाहिले की मढं आठवतं. म्हणून एक मोठी इमारत न बांधता झोपड्या बांधल्या. रोग्यासोबत घरचं माणूस राहील, चूल पेटवील.

ही गोष्ट जगात अगदी नवी नव्हती. १९१३ साली अल्बर्ट श्वाइत्झर नावाचे डॉक्टर आपल्या पत्नी हेलेन यांच्यासह आफ्रिकेतल्या गॅबन देशात, ओगोवे नदीकाठच्या घनदाट वर्षावनात गेले. लांबारेने हे गावाचं नाव. हेलेन परिचारिकेचं काम शिकून गेल्या होत्या. त्यांचा पहिला दवाखाना भरला तो कोंबड्यांच्या खुराड्यात. रोगी होडीतून येत, आणि त्यांची माणसं दवाखान्याच्या आवारातच रांधून खात. श्वाइत्झर तिथं मरेपर्यंत काम करत राहिले, १९५२ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. पण त्यांच्यावर पुढे टीकाही झाली. इतकी वर्षं दवाखाना चालला, तरी महत्त्वाची कामं युरोपातून आलेल्यांच्याच हाती राहिली, गावची माणसं मदतनीसच राहिली. टीका करणाऱ्यांचं आम्हाला पटतं. हेमलकशाच्या शाळेतली पोरं डॉक्टर झाली ते आम्हाला मोठं का वाटतं, ते इथं कळलं असेल. देणारा कितीही भला असला, तरी तो गेल्यावर मागं काय उरतं?

याचं उत्तर जंगलाआधी आपल्यासारख्याच कोरड्या मुलखानं दिलं होतं. १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर आणि दलित बायांना आरोग्याचं काम शिकवलं. ज्या बाईला पाटलाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तिच्याकडेच पाटलाची सून गरोदरपणात सल्ला विचारायला येऊ लागली. १९७८ साली अल्मा-आटा या शहरात जगातल्या देशांची परिषद भरली आणि सर्वांसाठी प्राथमिक आरोग्याची घोषणा झाली, तेव्हा जामखेडचं काम आठ वर्षांचं झालेलं होतं.

गडचिरोलीत हीच वाट पुढे गेली. तिथली लेकरं सर्वांत जास्त मरत होती न्यूमोनियानं. आपण ज्याला पोरगं धापतंय म्हणतो, कुणी डबा झाला म्हणतं, तेच. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त झाले की धोका, त्याहून मोठ्या, पण वर्षाच्या आतल्या बाळाचे ५०. पण गावच्या सुइणीला तर पुढचे आकडेच येत नाहीत! मग काय, सुईण नालायक? नाही. तिच्यासाठी मणी ओवलेलं एक साधं यंत्र केलं. एका मिनिटाची वाळूची घटिका उलटी करायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हिरवे मणी संपून वाळू पडायच्या आत लाल मण्याला हात लागला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत तर प्रत्येकीलाच मोजता येतं. जात्यावर, उखळात, दूध काढताना आपण मोजतोच की. शंभरावर गावांत हा अभ्यास झाला आणि १९९० मध्ये छापून आला. जिथं गावातल्याच माणसांनी औषध दिलं, तिथं न्यूमोनियाचे मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी निघाले.

त्यानंतर नवजात बाळं. जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत जाणारं बाळ. आपल्याकडे पाचवी पुजेपर्यंत बाळाचं नाव घेत नाहीत, ते उगाच नाही. त्या भीतीतूनच आलेलं आहे. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया निवडल्या. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. बाळ रडलं नाही तर पिशवी-मुखवट्यानं श्वास द्यायचा, गार पडू नये म्हणून गुंडाळायचं, आईचं दूध लवकर पाजायचं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर आई-बापाला विचारून इंजेक्शनसुद्धा द्यायचं. खेड्यातली सातवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, या विचारानंच कित्येक डॉक्टरांच्या भुवया चढल्या. पण मोजणी ठेवली होती. १९९९ च्या डिसेंबरात निकाल छापला गेला. तिसऱ्या वर्षापर्यंत, शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

२००५ मध्ये देशात आशा कार्यकर्ती आल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम त्यांच्याकडे दिलं. इंजेक्शन देणं त्यांच्या कामात धरलं नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं; घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. आमच्या म्हातारीनं पाहिली ती सातव्या दिवसाची भेट. घड्याळ धरून आशाताई बाळाच्या पोटाकडे बघत होत्या, तेव्हा त्या श्वास मोजत होत्या.

ही हकिकत कळल्यावर आम्ही आशाताईंना पुढच्या बैठकीत बोलावलं आणि श्वास मोजायला शिकलो. बाळ शांत पाहिजे, दूध पीत नको, रडत नको. अंगावरचं कापड वर करायचं आणि पोट वर उचललं की एक. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. पहिल्या वेळी पाचजणींचे पाच आकडे आले आणि हसू झालं. तिसऱ्या वेळी जमलं.

पण त्याच बैठकीत एक गोष्ट निघाली, तिचं उत्तर आम्हाला सापडलेलं नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या उचलतात. पोटुशी बाईही कोयत्यावर जाते, कारण उचल घेतलेली असते आणि एकट्याच्या कोयत्याला मुकादम धरत नाही. तिचं बाळ कारखान्याच्या तळावर, कोपीत जन्मतं. तिचं नाव आपल्या गावच्या वहीत, आणि बाळ दोनशे कोस लांब. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे कोण जाणार? तिथल्या आशेला ती आपल्या गावची वाटत नाही, आणि इथली आशा तिथं जाऊ शकत नाही. हेमलकशाला निदान नद्या आडव्या होत्या. इथं तर डांबरी रस्ता आहे.

तूर्त आम्ही एवढं केलं. यंदा टोळीबरोबर जाणाऱ्या पोटुश्या बायांची यादी काढली, सातजणी निघाल्या. प्रत्येकीची तारीख, कारखान्याचं नाव, सोबतच्या एका शहाण्या बाईचा फोन नंबर लिहून घेतला. त्या सात सोबतिणींना जाण्याआधी श्वास मोजायला शिकवलं. त्यातल्या दोघींना आकडे येत नाहीत. त्यांच्यासाठी गटातल्या एकीनं जुन्या माळेचे मणी सोडवून दोऱ्यात ओवले, पाच हिरवे आणि एक लाल. पट्टा पडल्यावर त्या परत आल्या की काय झालं ते याच कार्यक्रमात सांगू.